हमाम कोणाचा?

अथेन्स हे नाव उच्चारताच टेकडीवरील पार्थेनॉनचे संगमरवरी खांब डोळ्यांपुढे उभे राहतात. जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले प्रवासी मान वर करून त्या टेकडीकडे पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच टेकडीच्या उत्तरेच्या पायथ्याशी प्लाका नावाची जुनी वस्ती आहे. तिच्या अरुंद गल्ल्यांतून चालत गेले म्हणजे रोमन काळातील बाजारचौकाचे अवशेष लागतात. त्या चौकाच्या कडेला एक अष्टकोनी मनोरा आहे. त्याच्या आठ बाजूंवर आठ दिशांच्या वाऱ्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. म्हणून त्याला वाऱ्यांचा मनोरा म्हणतात. या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक बुटकी, घुमटांची इमारत आहे. तिला शिखर नाही, खांबांची रांग नाही, दर्शनी भागावर डोळे दिपविणारी कलाकुसर नाही. ही इमारत म्हणजे तुर्कांच्या अमलात बांधलेला एक सार्वजनिक हमाम, म्हणजे स्नानगृह होय. शेजारच्या मनोऱ्यावरून अथेन्सचे लोक त्याला वाऱ्यांचा हमाम असे म्हणतात.

ऑटोमन, म्हणजेच उस्मानी तुर्कांनी १४५६ मध्ये अथेन्स शहर जिंकले आणि दोन वर्षांनी टेकडीवरील किल्लाही घेतला. त्यांच्या राजवटीच्या पहिल्या दोन शतकांत केव्हातरी हा हमाम उभारला गेला. पुढे राजवट गेली, तुर्क गेले, ग्रीस स्वतंत्र झाला. पण हमाम चालूच राहिला. त्याची भट्टी १९६५ पर्यंत पेटत होती. त्यानंतर ती विझली. अथेन्समधील सार्वजनिक हमामांपैकी हा एकच उरला आहे. त्याची डागडुजी करून १९९८ पासून तो संग्रहालय म्हणून लोकांना पाहावयास खुला करण्यात आला.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. ज्या नगरीत सॉक्रेटिस वावरला, ज्या नगरीत फिडियसच्या देखरेखीखाली पार्थेनॉनची शिल्पे घडली, तिने एक जुने न्हाणीघर एवढ्या निगुतीने का जपावे? याविरुद्ध दोन आक्षेप घेता येण्यासारखे आहेत. पहिला असा की, ही परक्या राज्यकर्त्यांची निशाणी आहे. गुलामगिरीची आठवण कशास सांभाळावयाची? दुसरा असा की, हे काही देवालय नव्हे, राजवाडा नव्हे. लोक अंग धूत असत ती जागा. तिच्यात पाहण्यासारखे काय आहे? हे दोन्ही आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. त्यांचा विचार करण्यापूर्वी हमाम म्हणजे काय व तो कसा चाले, हे समजून घेतले पाहिजे.

ज्या काळी घरोघरी नळ नव्हते आणि हिवाळ्यात पाणी तापवावयाचे म्हणजे सरपणाचा मोठा खर्च होता, त्या काळी शहरातील बहुतेक माणसांना घरी गरम पाण्याने मनसोक्त स्नान करणे शक्य नव्हते. हमामाने ही सोय सर्वांसाठी एकत्र केली. अशा इमारतीत साधारणपणे ओळीने तीन भाग असत. पहिले दालन थंड. तेथे येणाऱ्याने कपडे उतरवावयाचे, कमरेला पंचा गुंडाळावयाचा आणि पायांत लाकडी खडावा घालावयाच्या. कारण पुढची फरशी ओली व तापलेली असे. दुसरे दालन कोमट. बाहेरच्या थंड हवेतून एकदम कडक उष्णतेत गेले तर शरीराला धक्का बसतो. म्हणून येथे थोडा वेळ थांबून अंगाला ऊब सवयीची करून घ्यावयाची. तिसरे दालन ऊन. हेच खरे स्नानाचे ठिकाण. त्याच्या मध्यभागी बहुधा एक मोठा, सपाट, तापलेला दगडी चौथरा असे. तुर्की भाषेत त्याला नाभीचा दगड असे अर्थपूर्ण नाव आहे. त्यावर पडून राहिले की घाम सुटे आणि अंगावरील मळ सैल होई. मग हमामातील सेवक हातात खरखरीत कापडी पिशवी चढवून अंग घासून देई.

भिंतीलगत दगडी कुंडे असत. त्यांत तोटीतून पाणी पडे आणि वाडग्याने ते अंगावर घेतले जाई. कुंडात कोणी उतरत नसे. अंगावरून वाहून गेलेले पाणी पुन्हा वापरावयाचे नाही, स्वच्छता वाहत्या पाण्यानेच होते, असा या स्नानाचा दंडक होता. ज्या घरांत आजही तांब्याने पाणी अंगावर घेतले जाते, त्या घरातील मुलांना यात काही नवल वाटणार नाही.

पण ही ऊब येई कोठून? इमारतीच्या एका अंगाला भट्टी असे. तिच्यावर पाण्याचा मोठा हंडा तापत असे. मात्र तिची उष्णता तेवढ्यावरच वाया जाऊ देत नसत. आतील फरशी जमिनीवर टेकलेली नसून लहान लहान खांबांवर उचललेली असे. भट्टीतील तप्त हवा व धूर या पोकळीतून फिरत, फरशी तापवीत आणि भिंतींत बसविलेल्या नळ्यांतून वर निघून जात. त्यामुळे भिंतीही उबदार होत. एकाच विस्तवाने पाणी, फरशी आणि भिंत अशी तीन कामे होत. फरशीखालच्या त्या धगधगत्या पोकळीला तुर्क लोक विनोदाने नरक म्हणत. वरच्या माणसाला सुख मिळावे म्हणून खाली नरक पेटता ठेवावा लागे, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रकाशाची योजनाही अशीच विचारपूर्वक केलेली असे. भिंतींना मोठ्या खिडक्या ठेवल्या तर ऊब निघून जावयाची आणि स्नान करणाराला आडोसा राहावयाचा नाही. म्हणून घुमटातच लहान लहान गोल छिद्रे ठेवून त्यांवर जाड काचेच्या टोप्या बसवीत. त्यांतून प्रकाशाचे कवडसे खाली उतरतात आणि सबंध दालन मंद उजेडाने भरून जाते. अथेन्सच्या हमामात भट्टी विझल्याला कित्येक वर्षे झाली, तरी सूर्य आपले काम आजही करतो. घुमटाखाली उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाच्या अंगावर तेच कवडसे पडतात, जे पूर्वी स्नानास आलेल्या माणसाच्या अंगावर पडत असत.

आता दुसऱ्या आक्षेपाचा आधी विचार करू. हमाम ही अंग धुण्याची जागा होती हे खरे. पण ती तेवढीच होती काय? ज्या समाजात स्त्रियांना घराबाहेर मोकळेपणाने वावरण्याची मुभा फारशी नव्हती, त्या समाजात हमाम हे त्यांचे हक्काचे ठिकाण होते. लग्नापूर्वी नववधूला सख्या व नातलग स्त्रिया थाटाने हमामात नेत. बाळ चाळीस दिवसांचे झाले म्हणजे आई व बाळ यांच्या स्नानाचा सोहळा तेथेच होई. मुलासाठी सून शोधणाऱ्या आया तेथेच मुली पाहून ठेवीत. लेडी मेरी माँटेग्यू या इंग्रज बाईने १७१७ मध्ये सोफिया येथील स्त्रियांचा हमाम पाहिला आणि त्याचे वर्णन आपल्या पत्रांत लिहून ठेवले. पुरुषांना जशी कॉफीगृहे, तसा स्त्रियांना हमाम, अशा आशयाचे तिचे निरीक्षण आहे. गावातील बातमी तेथे कळे, दुःख तेथे हलके होई आणि मैत्रीही तेथेच जडे.

अथेन्सचा हा हमाम प्रथम एकेरी होता. पुरुष आणि स्त्रिया आपापल्या ठरलेल्या वेळी तेथे येत. पुढे त्याची वाढ करून दोघांसाठी स्वतंत्र भाग करण्यात आले, म्हणजे कोणालाच दुसऱ्याची वेळ संपण्याची वाट पाहावी लागू नये. इमारतीतील हा एवढा फेरफार किती गोष्टी सांगून जातो! गिऱ्हाईक वाढले असावे, गरज वाढली असावी. आणि ती गरज राज्य बदलल्यावरही ओसरली नाही.

हमामाचा पैसाही पुष्कळ ठिकाणी लोकांच्याच कामी येई. इस्तंबूलमधील चेंबर्लिताश हमाम १५८४ मध्ये राजमाता नूरबानू हिच्या देणगीतून उभा राहिला. त्याचे उत्पन्न तिने स्थापन केलेल्या धर्मादाय संस्थांकडे जावे अशी व्यवस्था होती. कोठे हमामाच्या उत्पन्नावर पाठशाळा चाले, कोठे गरिबांसाठी अन्नछत्र. आणि ज्यांच्यापाशी स्नानासाठी द्यावयास पैसाही नसे अशी इस्तंबूलची अनाथ मुले हिवाळ्याच्या रात्री हमामाच्या भट्टीघरात राखेच्या उबेला झोपत असत. घुमटाखाली श्रीमंताला मिळणारी ऊब आणि भट्टीपाशी अनाथाला मिळणारी ऊब एकाच विस्तवाची होती.

तेव्हा अंग धुण्याची जागा म्हणून हमामाला हिणविणे बरोबर नाही. इतिहास म्हटला की राजांच्या वंशावळी, लढाया आणि तह एवढेच पुष्कळांच्या मनात येते. परंतु राजा आयुष्यात दहा लढाया करील. स्नान मात्र राजाला व रंकाला दोघांनाही करावेच लागते. सामान्य माणूस काय खात होता, कोठे झोपत होता, थंडीत अंग कसे धूत होता, या गोष्टी बखरीत क्वचितच सापडतात, कारण त्या लिहून ठेवण्यासारख्या आहेत असे लिहिणाऱ्यांना वाटत नसे. जी गोष्ट कागदावर उतरली नाही ती पुष्कळदा दगडावर उतरलेली असते. राजवाडा जपला तर शंभर माणसांचे जीवन कळेल. हमाम जपला तर सबंध शहराचे कळेल. म्हणून ज्या शहराने पार्थेनॉन सांभाळले, त्याने हमामही सांभाळला यात विसंगती काही नाही. एक वास्तू अथेन्सच्या लोकांनी काय भव्य निर्माण केले हे सांगते आणि दुसरी ते रोज कसे जगत होते हे सांगते.

पहिला आक्षेप यापेक्षा अवघड आहे, आणि त्याचे उत्तर घाईने देता येणार नाही. मधला अल्प काळ सोडला तर तुर्कांचा अंमल अथेन्सवर सुमारे पावणेचारशे वर्षे होता. या काळात ग्रीक लोकांना जादा कर द्यावे लागले, आपल्याच भूमीत दुय्यम म्हणून राहावे लागले. १८२१ मध्ये त्यांनी स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचलले आणि त्यासाठी अपार रक्त सांडले. १८३३ मध्ये तुर्कांची शेवटची शिबंदी टेकडीवरून खाली उतरली आणि पुढच्या वर्षी अथेन्स ही नव्या राज्याची राजधानी झाली. अशा लोकांना परक्या अमलाची खूण डोळ्यांसमोर नको वाटली तर त्यांना दोष देता येत नाही. जखम ज्याला झाली त्याला वेदना विसरून जा असे सांगणे सोपे असते. ते न्यायाचे असतेच असे नाही.

नव्या ग्रीसने प्रारंभी याच भावनेने पाऊल टाकले. प्राचीन वैभव तेवढे आपले, मधली सगळी शतके परक्यांची, असे मानून पुष्कळ जुन्या इमारती काढून टाकण्यात आल्या. पार्थेनॉनच्या आत एक लहानशी मशीद होती, ती हटविण्यात आली. टेकडीच्या प्रवेशद्वारापाशी मध्ययुगात पश्चिम युरोपातून आलेल्या सरदारांनी बांधलेला एक उंच बुरूज होता. शतकानुशतके दूरवरून अथेन्सची खूण म्हणून तो ओळखला जात असे. तोही १८७५ मध्ये पाडण्यात आला. ट्रॉयचे उत्खनन करणाऱ्या श्लीमनने त्या कामासाठी पैसा दिला. इतिहासाचे एक पान फाडल्याने दुसरे पान अधिक उजळत नाही, असे मानणारे काही विद्वान त्याही वेळी होते आणि त्यांनी निषेध नोंदविला. परंतु बुरूज गेला तो गेलाच. आज तो कसा होता हे जुन्या चित्रांत व छायाचित्रांत पाहावे लागते.

पाडणे आणि जपणे यांत हाच मोठा भेद आहे. जपलेली वस्तू नको वाटली तर तिच्याविषयीचा निर्णय उद्याही घेता येतो. पाडलेली वस्तू उद्याच्या पिढीला हवी वाटली तरी तिला परत आणता येत नाही. आजच्या पिढीचा राग कितीही खरा असला, तरी येणाऱ्या पिढ्यांचा पाहण्याचा व विचार करण्याचा हक्क काढून घेण्याचा अधिकार त्या रागाला पोचत नाही.

शिवाय ज्याला परके म्हणावयाचे ते खरोखर किती परके असते, हेही तपासले पाहिजे. फरशी खालून तापविण्याची जी युक्ती हमामात दिसते, ती तुर्कांनी शोधून काढलेली नाही. रोमन लोकांच्या भव्य स्नानगृहांत ती शेकडो वर्षे आधीपासून होती. रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात ती टिकली. पुढे अरबांनी ती उचलली, तुर्कांनी ती आपलीशी केली. या युक्तीचे हायपोकॉस्ट हे जे नाव शास्त्रीय ग्रंथांत आढळते, ते मूळ ग्रीक शब्दापासून आलेले आहे. त्याचा अर्थ खालून तापविलेले, असा आहे. म्हणजे तुर्कांनी अथेन्समध्ये जो हमाम बांधला त्याच्या फरशीखालच्या रचनेचे नावच ग्रीक निघते! आणि हमाम हा मूळ अरबी शब्द तुर्कीतून ग्रीक भाषेत येऊन तेथेच रुळला. अशा वास्तूचा मालक कोण म्हणावयाचा? रोमन, अरब, तुर्क की ग्रीक? प्रत्येकाने तीत काही घातले आहे. कोणा एकालाच ती सर्वस्वी आपली म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की, वास्तू बांधवून घेणारा राज्यकर्ता एक असतो आणि ती वापरणारे हजारो असतात. तुर्क गेल्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे हा हमाम स्वतंत्र ग्रीसमधील अथेन्सच्या नागरिकांनीच वापरला. थकलेला मजूर तेथे आला असेल, सणाच्या आदल्या दिवशी बाप मुलाला घेऊन आला असेल. इतक्या वापराने ती जागा त्यांची झाली नाही काय? जी वस्तू लोकांनी आपल्या हातांनी झिजविली ती लोकांची होय, असा न्याय लावला तर हमाम अथेन्सचाच ठरतो.

जुन्या वास्तूंचा मान राखण्याची बुद्धी एकाच जमातीपाशी होती असेही नाही. अथेन्सच्या बाजारात १७५९ मध्ये त्झिस्ताराकिस नावाच्या तुर्की कारभाऱ्याने एक मशीद बांधविली. चुन्यासाठी त्याने एका प्राचीन मंदिराचा संगमरवरी खांब फोडला. जुना खांब पाडल्याने शहरावर रोगराईचे संकट येईल असे लोकांना भय वाटले आणि त्या कृत्यापायी त्याला आपले पद गमवावे लागले, असे परंपरेने सांगतात. वाऱ्यांचा मनोरा बांधला प्राचीन काळी. पण अठराव्या शतकात मुसलमान दर्वेश तेथे राहत व प्रार्थना करीत, आणि त्यांच्या वावरामुळेच तो मनोरा सांभाळला गेला. याच्या उलट उदाहरणही विसरता कामा नये. तुर्कांनी पार्थेनॉनमध्ये दारूगोळा साठविला होता. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा त्यावर पडला आणि दोन हजार वर्षे उभे असलेले ते मंदिर क्षणात फुटले. सांभाळणारे आणि बेफिकीर असे दोन्ही प्रकारचे लोक सर्व समाजांत असतात. माणूस कोणत्या जातीचा वा धर्माचा आहे यावरून ते ठरत नाही. हाती आलेल्या ठेव्याकडे तो कसा पाहतो यावरून ठरते.

मात्र जपणे म्हणजे गौरव करणे नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. संग्रहालय पाहणाराला तुर्की अमलातील स्नानाची सुखे तेवढी सांगितली आणि त्या अमलाचा जाच लपविला, तर ते अर्धसत्य होईल. त्याचप्रमाणे जाच तेवढा सांगितला आणि एकाच भट्टीच्या उबेला सर्व धर्मांची माणसे बसत होती हे लपविले, तर तेही अर्धसत्यच होईल. चांगल्या संग्रहालयाने दोन्ही गोष्टी पुढे ठेवाव्या आणि निर्णय पाहणाराच्या बुद्धीवर सोपवावा. वास्तू उभी असेल तरच हे शक्य आहे. रिकाम्या जागेवर उभे राहून कोणताच धडा घेता येत नाही.

येथे आणखी एक शंका निघते, आणि ती विचार करण्यासारखी आहे. ज्या हमामात पाणी नाही, वाफ नाही, माणसांचा गलबला नाही, तो हमाम कसला? पक्षी मारून त्याची पिसे काचेच्या कपाटात ठेवावी, तसेच हे झाले नाही काय? या शंकेत तथ्य आहे. थेस्सलोनिकी येथे सुलतान दुसरा मुराद याने १४४४ मध्ये बांधविलेला बे हमाम १९६८ पर्यंत चालू होता. पुढे तोही केवळ पाहण्याची वास्तू झाला. इस्तंबूलमध्ये मात्र काही जुन्या हमामांत आजही स्नान करता येते. थोर वास्तुविशारद सिनान याने सोळाव्या शतकात आरमारप्रमुख हैरुद्दीन बार्बरोसा याच्यासाठी झेयरेक भागात एक हमाम बांधला होता. १३ वर्षांच्या जीर्णोद्धारानंतर तो २०२३ मध्ये पुन्हा उघडण्यात आला. त्याच्या आवारात संग्रहालय आहे आणि स्नानाची व्यवस्थाही आहे. जेथे हे साधेल तेथे तसे अवश्य करावे. वापरात असलेली वास्तू अधिक जिवंत असते, यात वाद नाही.

परंतु प्रत्येक ठिकाणी ते साधणार नाही. भट्टीचा धूर, सतत झिरपणारे पाणी आणि वाफ यांनी जुन्या भिंती खचतात. घरोघरी नळ व गरम पाणी आल्यावर हमामात जाण्याची गरजही संपली. गरज संपलेली वस्तू केवळ हौसेने चालवावयाची तर ती श्रीमंत प्रवाशांची चैन होऊन बसते आणि ज्या सामान्य माणसासाठी ती बांधली त्याला तेथे प्रवेशही परवडत नाही. अथेन्सच्या हमामाने यातून मध्यम मार्ग काढला आहे. तेथे स्नान होत नाही हे खरे. पण थंड, कोमट व ऊन दालनांतून पाहणारा स्वतः चालत जातो. तो काचेपलीकडून हमाम पाहत नाही, हमामाच्या आत उभा राहून पाहतो. शंभर पाठ वाचून जे कळणार नाही ते त्या घुमटाखाली घटकाभर उभे राहिल्याने कळते.

हमाम हा शब्द मराठीलाही परका नाही. मराठीतही स्नानगृहाला हमामखाना असा शब्द आहे. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आजही पाहावयास मिळतो. किल्ला पाहण्यास जाणारी मुले तोफ पाहतात, मीनार पाहतात, अंधारी वाट पाहतात. हमामाकडे मात्र क्वचितच कोणी वळते. पुढच्या खेपेस त्यांनी अवश्य वळावे. भट्टी कोठे असेल, पाणी कोणत्या बाजूने येत असेल, धूर कोठून बाहेर जात असेल, हे आपले आपण शोधावे. भिंतीवर कोळशाने नाव लिहिण्याचा मोह झाला, तर बांधणाऱ्या गवंड्याने आपले नाव तेथे कोठेही लिहिलेले नाही, हे आठवावे.

अथेन्समध्ये तुर्कांचे राज्य राहिले नाही. ते राहावे असे कोणी म्हणतही नाही. पण एका कडक हिवाळ्यात कोणा गवंड्याने नीट बसविलेला दगड, कोणा कारागिराने घुमटात जडविलेली काच आणि त्यांखाली अंग शेकून उठलेली असंख्य अनामिक माणसे, यांच्याशी कोणाचे काय वैर? राजवटींचा हिशेब इतिहासाने चोख ठेवावा. पण सामान्य माणसांच्या कष्टांना आणि सुखांना त्या हिशेबात भरडू नये. हमाम कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर अथेन्सने तो न पाडता जपून दिले आहे: ज्यांनी बांधला, ज्यांनी वापरला आणि जे आज तो समजून घेतात, त्या सर्वांचा.